परसातलं वर्कशॉप

आमच्या घरामागे, कुंपणाच्या कडेला, बारा फूट बाय सोळा फुटांची एक खोली आहे. लांबून पाहिलं तर बागेची अवजारं ठेवायची शेड वाटते. आत गेलं की लाकडाच्या भुशाचा वास येतो, मध्ये एक जडशीळ टेबल दिसतं आणि भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे टांगलेले दिसतात. हे माझं सुतारकामाचं वर्कशॉप. २०१६-१७ मध्ये चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार घालून बांधलेलं. घरी पाहुणे आले की बायको त्यांना मागच्या दाराने तिकडे पिटाळते (तेवढाच तिला स्वयंपाकाला वेळ मिळतो) आणि पाहुणे ठरलेला प्रश्न विचारतात, "हे सगळं तुम्ही स्वतः बांधलं?"

"हो," मी म्हणतो. आणि दर वेळी त्या "हो"मध्ये काहीतरी खटकतं.

का खटकतं ते बरेच दिवस नीट सांगता येत नव्हतं. आज प्रयत्न करतो. थोडा इतिहास सांगावा लागेल, थोडा या देशाचा आणि थोडा आमच्या घरचा. घरच्यांपैकी जे वाचतील त्यांनी माझ्या तपशिलात चूक असेल तर फोन करून झापावं :)

सुरुवात टीव्हीपासून झाली. १९९९ साली मी अमेरिकेत आलो, तेव्हा शनिवारी दुपारी पब्लिक टेलिव्हिजनवर 'द न्यू यँकी वर्कशॉप' लागायचं. नॉर्म एब्रम नावाचा दाढीवाला, चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस अर्ध्या तासात एक कपाट नाहीतर टेबल बनवून दाखवायचा. १९८९ ते २००९ अशी वीस वर्षं तो कार्यक्रम चालला. नॉर्मचे वडील सुतार होते. आणि टीव्हीवर दिसणारं ते सुंदर वर्कशॉप म्हणजे स्टुडिओ नव्हता, कार्यक्रमाचे निर्माते रसेल मोरॅश यांच्या परसातली शेड होती. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, जमिनीवर बसून वरणभात खाताना मी ते बघायचो आणि ठरवायचो, आपलं घर झालं की मागे अशी एक शेड.

घर व्हायला बारा वर्षं लागली, शेडला आणखी पाच. उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथे २५६ चौरस फुटांपर्यंतच्या शेडला बांधकामाचा परवाना लागत नाही. माझी १९२ चौरस फूट, म्हणजे सुटलो. पण वीज घ्यायची तर परवाना आणि तपासणी दोन्ही. शिवाय आमच्या वसाहतीची एक समिती आहे. रंग घरासारखाच हवा, छपराच्या शिंगल्स घरासारख्याच हव्यात. माझा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा रंगाचा नमुना जोडला नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा जोडलेला नमुना उन्हात फिका पडला होता म्हणून. असो.

मे महिन्यात जमीन सपाट करायला घेतली. इथली माती लाल चिकण. ओली असली की बुटाला शेर-दोन शेर चिकटते, वाळली की फावडं उडवून लावते. खडीचा थर पसरला, त्यावर सिमेंटचे ठोकळे, त्यावर औषध मुरवलेल्या लाकडाच्या तुळया. बारा बाय सोळा हे माप मी जागेप्रमाणे घेतलं होतं, पण त्याचा एक फायदा नंतर कळला. बारा आणि सोळाचा कर्ण बरोबर वीस फूट येतो. म्हणजे कोपरे काटकोनात आहेत की नाही हे पाहायला फक्त टेप लावायचा. मी टेप लावला. एक कर्ण वीस फूट एक इंच, दुसरा एकोणीस फूट अकरा इंच. सगळा सांगाडा तिरका! मोठा घण आणून एका कोपऱ्यावर हळूहळू ठोकत बसलो. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं की काही मदत हवी का. त्यांना वाटलं मी मोडतोय.

मग भिंती. इथे मात्र मला खरं आश्चर्य वाटलं.

जूनमधल्या एका शनिवारी चार मित्रांना बोलावलं. मिसळीचं आमिष होतं. मी आधीच जमिनीवर आडवी ठेवून सोळा फुटी भिंत ठोकून ठेवली होती. वर एक फळी, खाली एक फळी, मध्ये दर सोळा इंचांवर एक उभं 'टू बाय फोर'. आम्ही पाच जण : दोघे सॉफ्टवेअरवाले, एक हिशोबनीस, एक औषध कंपनीतला, आणि मी. "एक, दोन, तीन" म्हणून उचललं आणि भिंत उभी राहिली. पाचांपैकी एकालाही सुतारकाम येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत चारही भिंती उभ्या.

हे शक्य कसं झालं? शे-दोनशे वर्षांपूर्वी शक्य नव्हतं. तेव्हा या देशात लाकडी घर बांधायचं म्हणजे मोठमोठे ओंडके चौरस तासायचे, एकात भोक कोरायचं, दुसऱ्याला त्यात घट्ट बसेल अशी जीभ काढायची आणि आडवी लाकडी खुंटी मारून सांधा पक्का करायचा. एकेक सांधा म्हणजे कसबी सुताराचा अर्धा दिवस. मग १८३०च्या दशकात शिकागोत वेगळीच पद्धत आली. जाड खांबांऐवजी गिरणीत कापलेल्या पातळ फळ्या, जवळजवळ उभ्या केलेल्या, आणि सांध्यांऐवजी नुसते खिळे. १८३३ साली ऑगस्टीन टेलरने बांधलेलं सेंट मेरीज चर्च हे तिचं गाजलेलं उदाहरण. शोधाचं श्रेय टेलरचं की जॉर्ज स्नोचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढं हलकं बांधकाम फुग्यासारखं उडून जाईल अशी तिची टिंगल व्हायची आणि तेच नाव चिकटलं : बलून फ्रेम. उडून काही गेलं नाही. उलट नवनवी गावं त्याच पद्धतीने भराभर उभी राहिली. जळली मात्र. १८७१च्या ऑक्टोबरात शिकागोला लागलेल्या आगीत सुमारे तीनशे माणसं गेली आणि लाखभर बेघर झाली. आज इथे घरं बांधतात ती त्याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती.

थोडक्यात, जे कसब सुताराच्या हातात होतं ते गिरणीत गेलं. माझ्या शेडमधलं प्रत्येक लाकूड दुकानातून आलं तेच सरळ, मोजून, रंधून. (टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. हे मला पहिली खिडकी बसेना तेव्हा कळलं.) प्लायवूडचा ताव चार फूट बाय आठ फूट, म्हणजे ४८ इंच बाय ९६ इंच. सोळाने दोन्हींना भाग जातो, म्हणून तावाची कड नेमकी उभ्या लाकडावर येते. कोणीतरी हा सगळा विचार माझ्यासाठी आधीच करून ठेवला होता. मी फक्त ठोकत होतो.

आणि ठोकायला खिळे होते. खिळ्यांबद्दल आपण कधी विचार करत नाही. मी डबेच्या डबे आणले, वाकडा झाला की फेकून दिला. पण पूर्वी लोहार एकेक खिळा तापवून, ठोकून घडवायचा. आमच्याच व्हर्जिनियात १६४५ साली कायदा करावा लागला होता, की घर सोडून जाताना खिळे काढून घेण्यासाठी ते जाळू नये. त्याऐवजी घराला किती खिळे लागले असतील याचा दोन माणसांनी अंदाज करावा आणि तेवढे खिळे मालकाला भरून द्यावेत. १७९०च्या दशकापासून यंत्रावर कापलेले खिळे येऊ लागले, त्या शतकानंतरच्या शतकाच्या अखेरीस तारेचे गोल खिळे आले, आणि खिळा स्वस्त झाला. स्वस्त खिळा नसता तर बलून फ्रेम नसती आणि माझी शेडही नसती.

खिळ्यांचाच धागा धरून मी त्या शरद ऋतूत माँटिचेलोला गेलो. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं डोंगरावरचं घर. आमच्यापासून दोन तासांवर. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथे नेतो, त्यामुळे मी पाच-सहा वेळा जाऊन आलो होतो आणि दर वेळी घुमट, पुस्तकं, घड्याळं पाहून परतलो होतो. या वेळी एकटा होतो आणि घराशेजारच्या 'मलबेरी रो' नावाच्या रस्त्यावर रेंगाळलो. तिथे जेफरसनने १७९४ साली खिळ्यांचा कारखाना काढला होता. त्यात काम कोण करायचं? दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं. दिवसाला आठ ते दहा हजार खिळे. "सर्व माणसं समान जन्माला येतात" हे ज्याच्या लेखणीतून उतरलं, तो माणूस कोणत्या पोराने किती लोखंड वाया घालवलं याचा हिशोब लिहीत असे.

त्याच रस्त्यावर सुतारकामाच्या कारखान्याची जागा आहे. आज तिथे दगडी धुराडं आणि पाया तेवढा उरलाय. इथे जॉन हेमिंग्ज काम करायचा. १७७६ साली गुलामगिरीत जन्मलेला. जेम्स डिन्समोर या आयरिश कारागिराच्या हाताखाली शिकून तो स्वतः निष्णात झाला. माँटिचेलोतलं फर्निचर, खिडक्या-दारं, जेफरसनच्या बग्गीचा लाकडी सांगाडा, आणि शेवटी जेफरसनची शवपेटी, सगळं त्याच्या हातचं. १८२६ साली मृत्यूपूर्वी केलेल्या पुरवणी मृत्युपत्रात जेफरसनने त्याला आणि जो फॉसेट नावाच्या लोहाराला आपल्या मृत्यूनंतर एका वर्षाने स्वातंत्र्य दिलं. सोबत आपापल्या कामाची सगळी हत्यारंही. पण बाकीच्यांचं काय? १८२७च्या जानेवारीत माँटिचेलोवर लिलाव झाला. त्यात फॉसेटची बायको-मुलं विकली गेली. हेमिंग्जची बायको जेफरसनच्या मुलीच्या कुटुंबाच्या मालकीची होती, ती गुलामच राहिली.

त्या धुराड्यासमोर बराच वेळ उभा होतो. हत्यारं आणि स्वातंत्र्य, दोन्ही एकाच कागदावर. आणि मला आमच्या आबांची पेटी आठवली.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आमचं घराणं सुतारांचं. सातारा जिल्हा, खटाव तालुका. माझे आजोबा, आबा, गावचे बलुतेदार सुतार होते. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांची पेटी पाहिल्याचं आठवतं. वाकस, करवत, दोन रंधे, पटाश्या, सामता, लाकडी गुण्या. मी सामत्याला हात लावला होता आणि दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) तो हातातून काढून घेतला होता. "अभ्यास झाला का?" एवढंच म्हणाले होते.

गाडीत बसल्या बसल्या साताऱ्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.

"दादा, आबांची पेटी कुठंय?"

"कसली पेटी?"

"हत्यारांची."

"ती? भंगारात दिली. आबा गेले त्या साली. अठ्ठ्याऐंशी."

"सगळी?"

"लोखंड भंगारात. लाकूड बंबात घातलं. ठेवून काय करायचं होतं?"

मला खूप राग आला होता. परतीचे दोन तास मी मनातल्या मनात दादांशी भांडत होतो. जेफरसनसारख्या माणसालासुद्धा कळलं होतं की कारागिराची हत्यारं त्याच्याकडेच राहायला हवीत, आणि माझ्या वडिलांनी ती किलोवर विकली! बंबात घातली!

आता तो राग नाही. का नाही, ते सांगतो.

बलुतेदारीबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचतो : गाव स्वयंपूर्ण होतं, प्रत्येकाला काम होतं, कारागिराला धान्य मिळे. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'मध्ये (१९१५) या कारू-नारूंचं, त्यांच्या कामाचं आणि मिळकतीचं तपशीलवार वर्णन आहे. पण सुताराच्या दाराच्या आतून ते कसं दिसायचं, हे मला दादांकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं. वर्षभर कुणब्यांची औतं दुरुस्त करायची : नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि देईल ते घ्यायचं. कोणी पाटी भरून देई, कोणी चार शब्द ऐकवून अर्धी देई. नांगराचं काम तर हळूहळू गेलंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना आधी वाटे, पण पुढे तो पसरला, आणि आबा हाताशी आले तोवर गावात लाकडी नांगर कमी होऊ लागले होते. माल मात्र ठरलेलाच : बाभूळ. बाभळीला वाकस मारून मारून आबांचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता.

मग १९७२चा दुष्काळ. पीकच नाही तर खळं कसलं आणि बलुतं कसलं? आबा तेव्हा साठीला आले होते. ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. ज्याच्या हातची चाकं तालुक्यात नावाजलेली होती, तो माणूस रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडत होता. दादा तोवर साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून झाले होते. ते गावी गेले आणि आबांना घेऊन आले. पेटी आली, ती माळ्यावर गेली आणि सोळा वर्षं तिथेच राहिली. आबांनी ती एकदाही खाली काढली नाही, हे मला दादांनी अलीकडेच सांगितलं. पेटी बंबात घालायच्या कितीतरी आधीच आबांनी ती सोडली होती.

असो. पुन्हा शेडकडे येतो, कारण छप्पर अजून व्हायचं होतं.

छपराच्या वाशांना भिंतीवर बसायला एक खाच लागते. तिचा कोन काढताना मी पाच वासे वाया घालवले. सहावा बसला, मग त्याचाच नमुना धरून बाकीचे कापले. शिंगल्स चढवताना ऑक्टोबर संपत आला होता. हिवाळ्यात विजेसाठी अठरा इंच खोल चर खणला. पॅनेल जोडायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला ("स्वतः"मधून हेही वजा करा). वसंतात भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन भरलं आणि आतून ड्रायवॉलऐवजी प्लायवूड ठोकलं, म्हणजे कुठेही खिळा मारून काहीही टांगता येतं. दोन हात पांढरा रंग. एका भिंतीला टेबल. जुलैत दार बसवलं आणि मी जाहीर केलं की झालं. खर्च साडेनऊ हजार डॉलर, हत्यारं सोडून. (हा आकडा बायकोने इथे पहिल्यांदाच वाचला असेल.)

हा उद्योग इथे इतका सर्रास कसा झाला, हे मी त्या हिवाळ्यात वाचत होतो. सिअर्स कंपनी १९०८ ते १९४० या काळात टपालाने अख्खी घरं विकायची, अशी सत्तर हजारांवर घरं गेली. १९०५च्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात प्लायवूड लोकांसमोर आलं. आमच्या शेजारच्या बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट घेतलं, पण ते कारखान्यांसाठी होतं. घरगुती ड्रिल आलं १९४६ साली. तोवर युद्ध संपलं होतं, सैनिक परतले होते. न्यूयॉर्कजवळ १९४७पासून लेव्हिटटाऊन उभं राहत होतं. घर बांधायच्या कामाचे २७ टप्पे पाडलेले, प्रत्येक टोळीने एकच टप्पा करत पुढे जायचं. पहिल्या घरांचे माळे अर्धवटच ठेवलेले असत, ते मालकाने सवडीने पुरे करायचे. (त्या करारांत काळ्या लोकांना मज्जाव होता. सवडीने हातोडा मारायची मुभाही सगळ्यांना नव्हती.) ऑगस्ट १९५४मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावरच 'डू इट युवरसेल्फ' हा विषय घेतला. दिवसभर कचेरीत बसणारा कारकून संध्याकाळी हौसेने सुतार होऊ लागला होता.

१९५४! मी ते साल वाचून थांबलो. दादांचा जन्म १९४१चा. इथे कारकून ड्रिल विकत घेत होते, तेव्हा तेरा वर्षांचे दादा पहाटे बाभळीचं खोड धरून बसायचे, आबा त्याला करवत लावायचे, आणि दादा मनाशी ठरवत होते की आपण कारकून व्हायचं.

२०१८च्या जूनमध्ये आई-दादा तीन महिन्यांसाठी आले. दादा सत्त्याहत्तर वर्षांचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना मागे नेलं. दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं, "बरंय" म्हणाले आणि वळले. महिनाभर आत पाऊल नाही. डेकवर बसून पेपर वाचायचे. आत माझी करवत सुरू झाली की खुर्ची उचलून पुढच्या अंगणात जायचे. मी काही बोललो नाही. बोलायचं काय?

जुलैत इथे दमट होतं. दार फुगलं आणि वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं. एका शनिवारी मी दार काढून रंधायची तयारी करत होतो. मागून आवाज आला.

"रंधू नको."

दादा उभे होते.

"आत्ता रंधशील, थंडीत आटलं की फट पडेल. वर घासतंय ना? मग खालच्या बिजागरीमागं पुठ्ठा घाल."

"वर घासतंय तर खालच्या?"

"घाल तर."

धान्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, खालची बिजागरी सोडवून मागे घातला, स्क्रू आवळले. दार बोटाने लोटलं आणि बिनआवाज मिटलं. साठ वर्षं त्या माणसाने हत्याराला हात लावला नव्हता.

मग ते आत आले. स्टुलावर बसले. भिंतीवरची एकेक वस्तू पाहिली, कशालाही हात लावला नाही. मग विचारलं, "रोज येतोस इथं?"

"नाही. जमेल तसं. शनिवारी-रविवारी. ऑफिसचं काम असलं तर कधी महिना-महिना कुलूप असतं."

दादा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुलूप लावता येतं. हे चांगलंय."

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. पेरणीच्या दिवसांत एका रात्री कोणीतरी कंदील घेऊन दारात आलं. पाभर मोडली होती, वाफसा झाला होता, सकाळी पेरणी व्हायलाच हवी होती. आबांना दोन दिवस ताप होता. आजी दारातून "उद्या या" म्हणाली. माणूस काहीच बोलला नाही, तिथेच उकिडवा बसला. दहा मिनिटांनी आबा उठले, घोंगडी गुंडाळून बाहेर आले. दादांनी रात्रभर कंदील धरला. "माणूस वाईट नव्हता," दादा म्हणाले. "त्याची पेरणी होती. पण आबांना नाही म्हणायची सोयच नव्हती. काम येतं म्हणून करावंच लागायचं."

एवढंच. उठले, दार एकदा उघडून-मिटून पाहिलं आणि पेपर वाचायला गेले.

मी नंतर पुष्कळ विचार केला. हेमिंग्जला स्वातंत्र्य मिळालं ते हत्यारांसकट. दादांना मिळालं ते हत्यारं सोडून. आणि मला ही हत्यारं दुकानात मिळाली, कारण ती वापरलीच पाहिजेत अशी सक्ती माझ्यावर कोणाची नाही. ज्याला आपण छंद म्हणतो त्याच्या पाठीमागे एवढं सगळं असतं : कोणाची तरी गिरणी, खिळे, मोजमापं, आणि कोणीतरी ठरवून बंद केलेलं एक दार. दादांनी ते दार बंद केलं नसतं तर मी आज सुतार असतो, किंवा नसतो, पण परसात हौसेने सुतार झालो नसतो एवढं नक्की. पेटी गेल्याचं वाईट अजून वाटतं. पण ती माझ्याकडून कोणी हिरावून घेतली, असं आता वाटत नाही.

त्यामुळे हल्ली पाहुण्यांनी विचारलं की "हो, पण" असं म्हणतो आणि खिळ्यांपासून सुरू करतो. बायको म्हणते, पाहुणे आता प्रश्न विचारायचे बंद झालेत :)

दादा आता साताऱ्यातच असतात, एवढा प्रवास जमत नाही. रविवारी फोन होतो. तब्येत, पाऊस, नातवंडांचे अभ्यास. फोन ठेवता ठेवता जुलै-ऑगस्टात ते न चुकता एक विचारतात,

"दार घासतंय का?"

नाही घासत. पुठ्ठा अजून तोच आहे.